गाईड ठरवण्याआधी मुलांना तीन लॅब बघू द्या : जीवशास्त्र विभागांचे प्रमुख आणि पीएचडी गाईड यांना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

राज्यातल्या विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न कॉलेजांच्या रिसर्च सेंटरांत बायोटेक, बॉटनी, झूलॉजी, मायक्रो अशा विभागांमध्ये जे कुणी पीएचडीचे गाईड आहात, विभागप्रमुख आहात, आरआरसीवर (पीएचडीच्या प्रवेशाला आणि विषयाला मान्यता देणाऱ्या समितीवर) बसता, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. लांब होणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा अशी हात जोडून विनंती.

झालं असं की मागच्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजवर भेटायला आली. एमएस्सी झालीये, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास झालीये, आता आरआरसीचा इंटरव्ह्यू आहे. तिच्या मोबाईलमध्ये एक पीडीएफ होती, त्यात गाईडचं नाव, सेंटरचं नाव, स्पेशलायझेशन आणि शेवटच्या कॉलममध्ये रिकाम्या जागा, कुणाकडे १, कुणाकडे २. मला म्हणाली, "मॅडम, यातलं कुणाचं नाव टाकू?" मी विचारलं, यातली एखादी तरी लॅब आतून बघितलीयेस का? नाही. कुणाशी बोललीस? एका सरांना फोन केला होता, ते म्हणाले आधी सिलेक्शन होऊ दे मग बघू.

मी ती यादी खालीवर करत राहिले आणि पोटात कसंतरीच झालं, कारण मीपण अशाच यादीवरून गेले होते. आपण साधी खोली भाड्याने घेताना सुद्धा नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतो, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते बघतो, आणि इथे ही मुलगी आयुष्यातली पाच-सहा वर्षं रिकाम्या जागांचा कॉलम बघून ठरवणार.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी राज्यातल्याच एका विद्यापीठातून मॉलिक्युलर जेनेटिक्समध्ये पीएचडी केली, पाच वर्षं नऊ महिने लागले, आणि आता एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, गाईडचंही नाही, कारण मला कुणाची तक्रार करायची नाहीये आणि हे काही एकाच विभागाचं दुखणं नाही.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडीला घेतलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी गाईड वाटून देऊ नका. पहिल्या सेमिस्टरला कोर्सवर्क चालू असतानाच त्यांना तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये फिरवा, बेंचवर (प्रयोगाच्या टेबलावर) काम करू द्या, चुका करू द्या, आणि मग गाईड आणि विद्यार्थी दोघं मिळून ठरवू द्या. बाहेर याला लॅब रोटेशन म्हणतात.

हे मी का म्हणतेय ते माझ्याच बाबतीत काय झालं त्यावरून सांगते.

माझा विषय होता रब्बी ज्वारी. मंगळवेढा, माढा, बार्शी, करमाळा या भागात शेतकऱ्यांनी घरचं बियाणं धरून जपलेली जी जुनी वाणं आहेत, मालदांडी, दगडी, गूळभेंडी, कुचकुची, त्यांच्यात जनुकीय विविधता किती उरलीये हे एसएसआर मार्कर लावून बघायचं होतं. विषय मला मनापासून आवडला होता, माझं आजोळ तिकडचं, हुरड्याची ज्वारी वेगळी आणि भाकरीची वेगळी हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. एसएसआर म्हणजे काय तर डीएनएमध्ये दोन-तीन अक्षरांचा तुकडा सलग परत परत येतो, एखाद्या वाणात तो १२ वेळा येईल, दुसऱ्यात १८ वेळा, त्यामुळे पीसीआर करून (म्हणजे त्या तुकड्याच्या पुष्कळ प्रती काढून) जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) चालवलं की बँड, म्हणजे रेघा, वरखाली दिसतात आणि कोण कुणाच्या जवळचं ते कळतं. समजायला सोपं आहे, करायला नाही.

आता एक गोष्ट बघा. पीसीआर कुणी शोधलं, कधी शोधलं, नोबेल कधी मिळालं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, कॅरी म्युलिस, १९८३, १९९३. सदर्न ब्लॉट १९७५. नेटच्या तयारीत हे सगळं पाठ झालेलं. पण पीएचडीच्या पहिल्या दिवशी मला पायपेटच्या (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायच्या उपकरणाच्या) बटणाचा पहिला स्टॉप आणि दुसरा स्टॉप यातला फरक हाताला माहीत नव्हता, कारण एमएस्सीला बारा जणांत एक पायपेट होतं आणि ते प्रॅक्टिकलच्या दिवशी कपाटातून निघायचं. मी सीनिअरचं बघून शिकले. सीनिअर तिच्या सीनिअरचं बघून शिकली होती. तिने जे चुकीचं उचललं होतं तेही मी तसंच उचललं.

४६ सॅम्पल होते, ३० प्रायमर जोड्या (प्रायमर म्हणजे कुठल्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे). पहिलं वर्ष डीएनए काढण्यातच गेलं, सीटॅब मेथडने, लिक्विड नायट्रोजन आमच्याकडे कधी यायचं कधी नाही, मग कोवळी पानं बर्फावर ठेवून खलबत्त्यात वाटायची, डीएनए कधी चहासारखा तपकिरी यायचा तो परत धुवायचा. मग पीसीआर सुरू झालं आणि रिझल्ट यायला लागले. जवळपास प्रत्येक सॅम्पलला दोन-दोन बँड. एक त्या वाणाचा स्वतःचा आणि दुसरा, बहुतेक वेळा थोडा फिकट, बरोबर मालदांडीच्या उंचीवर. मी तर खूश झाले. मी त्याचा अर्थ असा लावला की शेजारच्या शेतातल्या मालदांडीचे पराग येऊन या सगळ्या वाणांमध्ये मिसळण झालीये. सरांना पटलं. आरएसीला (कामावर लक्ष ठेवणाऱ्या सल्लागार समितीला) पटलं. एका कॉन्फरन्समध्ये पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं.

ज्वारी हे मुख्यतः स्वपरागसिंचित पीक आहे हो. थोडंफार परपरागीभवन होतं, पण पिढ्यान्पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढलेल्या झाडात बहुतेक मार्करला एकच बँड यायला पाहिजे. प्रत्येक झाडात, प्रत्येक प्रायमरला, दोन बँड आणि त्यातला दुसरा कायम एकाच वाणाचा, हे बघून पहिल्याच महिन्यात कुणीतरी थांबायला हवं होतं. मी बीएस्सीलाच ज्वारीचं परागीभवन शिकले होते. माहिती डोक्यात होती, पण जेल बघताना तिचा उपयोग करायची सवय कुणी लावली नव्हती.

अकरा महिने असे गेले. मग आमच्या जेलवर दोन-चार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) फरक दिसत नाही म्हणून मला एका दुसऱ्या संस्थेत दोन आठवड्यांसाठी कॅपिलरी मशीनवर काम करायला पाठवलं. तिथे सेकंड इयरची एक मुलगी होती, वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी कौतुकाने माझे जेलचे फोटो दाखवत होते, ती सगळे शांतपणे बघत गेली आणि मग म्हणाली, "ताई, यात एनटीसीची लेन कुठली?"

एनटीसी म्हणजे अशी ट्यूब ज्यात सगळं घालायचं, प्रायमर, एन्झाइम, बफर, फक्त डीएनएच्या जागी नुसतं पाणी. तिच्यात काहीच यायला नको. आलं तर समजायचं की कुठेतरी घाण झालीये. माझ्याकडे ती लेनच (जेलवरची त्या ट्यूबची पट्टी) नव्हती. सुरुवातीला दोनदा लावली होती, नंतर सोडून दिली, कारण टाक पॉलिमरेज हे पीसीआरचं एन्झाइम महाग आहे आणि रिकाम्या ट्यूबवर एक रिअॅक्शन कशाला घालवायची असं लॅबमध्ये सगळेच म्हणायचे.

त्याच संध्याकाळी तिने माझ्याकडून करून घेतलं. दोन ट्यूब, एकात त्यांच्या लॅबचं पाणी, एकात मी बरोबर आणलेलं आमचं पाणी. दोन्हीत डीएनए नाही. तीन टक्के अॅगॅरोज, दीड तास. यूव्ही लावला तर त्यांच्या पाण्याची लेन काळी कुळकुळीत आणि माझ्या पाण्याच्या लेनमध्ये बँड, बरोबर मालदांडीच्या उंचीवर. जिथे मी काहीच घातलं नव्हतं तिथे मालदांडी आली होती.

आमच्या लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह केलेल्या (वाफेने निर्जंतुक केलेल्या) पाण्याची पन्नास मिलीची एक ट्यूब असायची, सगळे त्यातूनच घ्यायचे. मालदांडी माझं स्टँडर्ड होतं म्हणून तिचा डीएनए मी सारखा त्याच पाण्याने डायल्यूट करायचे, कधीतरी पायपेटची तीच टीप (टोक) परत पाण्यात बुडली असणार. एकदा. बस. अकरा महिन्यांचा डेटा, पोस्टर, बक्षीस, सगळं गेलं, आणि परत करायला पुढचे तेरा महिने लागले कारण मधे प्रायमर संपले आणि तीन कोटेशन, परचेस कमिटी, मार्च एंड, यात चार महिने गेले.

त्या मुलीने मला दुसऱ्या दिवशी जे शिकवलं ते सगळं मिळून एका पानावर मावतं. पाणी एक-एक मिलीच्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेव आणि उरलं तर फेकून दे. मास्टर मिक्स (डीएनए सोडून बाकी सगळ्याचं मिश्रण) डीएनएचं झाकण उघडायच्या आधी आणि वेगळ्या कोपऱ्यात बनव. जेल भरायचं पायपेट पीसीआरच्या बेंचवर कधीही आणू नकोस. फिल्टरच्या टीप वापर. पाण्याची ट्यूब सगळ्यात शेवटी लाव. वहीत तारीख टाक, एन्झाइमचा लॉट नंबर टाक, चुकलं तर खोडू नकोस, एक रेघ मारून बाजूला लिही. तिची वही शिवलेली होती, पानांना नंबर होते. माझ्याकडे सुट्टे ए-फोर कागद आणि मोबाईलमधले फोटो.

मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाली, पहिल्या रोटेशनला, तिसऱ्या आठवड्यात. त्या लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिले काही दिवस नुसतं पाणी पायपेट करायला लावतात आणि ते वजनकाट्यावर मोजायला लावतात, शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम, दहा वेळा सलग तेवढंच यायला पाहिजे, तोपर्यंत डीएनएला हात लावायचा नाही. ती मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती म्हणून तिला एनटीसी दिसली आणि मला नाही, असं नाहीये. ती विदर्भातल्या एका छोट्या गावातून आलेली, एमएस्सी माझ्यासारखीच राज्याच्या विद्यापीठातली. तिला पहिल्या तीन महिन्यांत कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवलं होतं, एवढाच फरक.

माझ्या सरांवर मी चिडले का? त्या दिवशी चिडले होते. नंतर नाही. सरांचा स्वतःचा डॉक्टरेटचा विषय वर्गीकरणशास्त्र, हर्बेरियम शीटवर (वाळवून चिकटवलेल्या झाडांच्या नमुन्यांवर) आयुष्य गेलेलं, झाड नुसतं लांबून बघून नाव सांगायचे. मॉलिक्युलर मार्करशिवाय प्रोजेक्टला पैसे मिळेनासे झाले तेव्हा पन्नाशीत त्यांनी पीसीआर मशीन घेतलं आणि मुलांच्या भरवशावर चालवलं. आठवड्याला १६ तासांचं टीचिंग, त्यात नॅक (कॉलेज-विद्यापीठांची तपासणी) आलं की दीड महिना आम्ही सगळे फायली लावत बसायचो, सर पण आणि आम्ही पण. शिकवायला तरी कुठून शिकवतील, त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तर म्हणतेय की सगळा भार एका गाईडवर पहिल्या दिवसापासून टाकू नका. गाईडवर पण तो अन्याय आहे.

आता कोर्सवर्कबद्दल. माझ्या वेळी कोर्सवर्क सगळ्या शाखांना एकत्र होतं, एका हॉलमध्ये मराठी, कॉमर्स, केमिस्ट्री, फिजिकल एज्युकेशन आणि आम्ही. प्रश्नावली कशी करायची, सॅम्पलिंगचे प्रकार, संदर्भसूची कशी लिहायची. कॉमर्सच्या माझ्या मैत्रिणीला त्याचा खूप उपयोग झाला, तिने खरंच दोनशे दुकानदारांची प्रश्नावली केली. मला ७८ टक्के मिळाले. पण प्रयोगात कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) म्हणजे काय, पॉझिटिव्ह कशाला, निगेटिव्ह कशाला, रेप्लिकेट (स्वतंत्रपणे परत केलेले प्रयोग) किती घ्यायचे आणि एकाच ट्यूबमधून तीनदा मोजलं तर ते तीन रेप्लिकेट होत नाहीत, हे त्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये एकदाही आलं नाही.

आणि नियम आडवा येतो असं कृपया म्हणू नका, मी नियम वाचलेत. यूजीसीचे २०२२ चे पीएचडीचे रेग्युलेशन घ्या. कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं असावं असं आहे. त्यात पब्लिकेशन एथिक्सचे २ क्रेडिट २०१९ पासून आलेलेच आहेत. रिसर्च मेथडॉलॉजीला ४ धरा. उरले ६. हे ६ क्रेडिट प्रॅक्टिकलचे करा. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे झाले १८० तास, तीन लॅबमध्ये वाटले तर प्रत्येकी ६०, आठवड्याला १५ तास धरले तर एका लॅबला चार आठवडे. बारा आठवड्यांत तिन्ही लॅब होतात, सेमिस्टरच्या आत. खरं तर सहा-सात आठवडे तरी एका लॅबला पाहिजेत असं माझं मत आहे, पण चार मिळाले तरी माझ्यासारखीचे अकरा महिने वाचतील. कमीत कमी तीन वर्षांच्या मुदतीत कोर्सवर्क धरलेलंच असतं, त्यामुळे कुणाची पीएचडी यासाठी लांबतही नाही.

एक अडचण खरी आहे, ती म्हणजे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा). आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आरआरसीच्या इंटरव्ह्यूलाच विषय आणि सिनॉप्सिस घेऊन या म्हणतात. ज्या मुलाने लॅब बघितलेली नाही, मशीन कुठलं आहे माहीत नाही, तो सिनॉप्सिस कुठून लिहिणार? शोधगंगा (पीएचडी थिसिसची वेबसाईट) उघडतो, तीन थिसिस डाऊनलोड करतो, पिकाचं नाव बदलतो. मीपण असंच केलं होतं, कबूल करते. आणि मग त्याच सिनॉप्सिसला पाच वर्षं बांधलेले राहतो. इंटरव्ह्यूला आवड विचारा, वाचन विचारा, एखादा पेपर देऊन त्यातली आकृती समजावून सांगायला लावा, आणि सिनॉप्सिस रोटेशन झाल्यावर घ्या.

हे काही परदेशातलं फॅड नाही. मुंबईत टीआयएफआरला, बंगळूरला एनसीबीएसला, पुण्यात आयसरला, या आपल्याच संशोधन संस्थांत, पहिल्या वर्षी मुलांना लॅबमधून फिरवतात. टीआयएफआरला मॉलिक्युलर बायोलॉजीचं युनिट ओबेद सिद्दिकींनी १९६२ मध्ये सुरू केलं, ते स्वतः वनस्पतिशास्त्रातून आलेले आणि मग ग्लासगोला पोन्टेकोर्व्होंकडे बुरशीचं जेनेटिक्स शिकलेले. आपला हा विषय मुळात वाढलाच असा, एकमेकांच्या बेंचवर जाऊन. फळमाश्यांवर जेनेटिक्स करणाऱ्या मॉर्गनची कोलंबिया विद्यापीठातली फ्लाय रूम बघा, १६ बाय २३ फुटांची खोली, त्यात सगळे दाटीवाटीने बसायचे, गुरु आणि शिष्य आणि माश्यांच्या बाटल्या, आणि त्याच खोलीतल्या स्टर्टेव्हंट नावाच्या पोराने पदवी व्हायच्या आधी, १९११ मध्ये, एका रात्रीत क्रोमोझोमचा पहिला नकाशा काढला. १९४५ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरला डेलब्रुकने फाजचा (बॅक्टेरियावर वाढणाऱ्या विषाणूचा) उन्हाळी कोर्स सुरू केला, थोड्या आठवड्यांचा, सगळं हाताने करायचं, फिजिक्सवाले सुद्धा येऊन पायपेट धरायला शिकले. मॉलिक्युलर बायोलॉजीतली एक अख्खी पिढी त्या कोर्समधून तयार झाली. तिथे भारी मशीन नव्हतं, प्लेट, अगार, फाज, आणि शेजारी उभा राहून बघणारा माणूस.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर आहेच. बायोकेमिस्ट कमला सोहोनी, म्हणजे कमला भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मुलगी म्हणून नाकारलं, तरी हटल्या नाहीत, मग एक वर्ष अटींवर घेतलं. तिथे श्रीनिवासय्यांनी त्यांना शिकवलं, कडक होते पण शिकवलं. पुढे केंब्रिजला आधी रिश्टर यांच्याकडे आणि मग रॉबिन हिल यांच्याकडे काम केलं, आणि त्या हिल यांच्या लॅबमध्ये गेल्यावर त्यांना वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी (पेशीच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) सापडलं. १९३९ ला पीएचडी, थिसिस जेमतेम ४० पानांचा. मी हे वाचलं तेव्हा माझ्या २४० पानांच्या थिसिसकडे बघितलं, त्यातली ऐंशी पानं रिव्ह्यू ऑफ लिटरेचर. एका गाईडकडून दुसऱ्याकडे जाणं त्यांच्या बाबतीत कलंक नव्हता. आपल्याकडे गाईड बदलायचा अर्ज केला की विभागात त्या मुलाशी कुणी नीट बोलत नाही.

"आमच्या सेंटरला दोनच गाईड आहेत, तीन लॅब कुठून आणू?" हे कुणीतरी म्हणणारच, आणि ते बरोबर आहे. तालुक्याच्या रिसर्च सेंटरला हे एकट्याने जमणार नाही. पण आजूबाजूला बघा ना. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र) आहे, पाषाणला एनसीएल (रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर भिंतीला भिंत लागून, आघारकर संस्था शहरात. मुंबईत केईएमच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आहे, खारघरला अॅक्ट्रेक (कॅन्सर संशोधन केंद्र). नागपूरला कापूस संशोधन संस्था आणि नीरी (पर्यावरण संशोधन संस्था). छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठातच डीएनए बारकोडिंगचं सेंटर आहे. सोलापूरला रब्बी ज्वारीचं केंद्र आणि डाळिंबाचं केंद्र, राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथे कृषी विद्यापीठं. मी ज्वारीवर काम करत होते आणि पहिली तीन वर्षं मला सोलापूरच्या ज्वारी केंद्रात एक दिवससुद्धा कुणी पाठवलं नाही, मीही मागितलं नाही, कारण मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. चार आठवड्यांसाठी एक मुलगा पाठवायला मोठा एमओयू (करार) लागत नाही, दोन विभागप्रमुखांचं एकमेकांना पत्र लागतं.

खर्चाचं म्हणाल तर पाणी पायपेट करून वजन करायला काय खर्च येतो? एक पीसीआर, एक डायजेशन (एन्झाइमने डीएनए कापणं), एक ट्रान्सफॉर्मेशन (बॅक्टेरियात डीएनए घालणं), एक जेल, आणि कंट्रोल मुद्दाम बिघडवून बघणं, एवढं जरी प्रत्येकाने हाताने केलं तरी पुष्कळ. उलट न शिकलेला हात जे एन्झाइम वाया घालवतो त्याचा हिशोब करा. फेलोशिपवाल्या मुलाला महिन्याला ३७,००० मिळतात, म्हणजे माझ्यासारखे अकरा महिने वाया गेले की चार लाख सात हजार नुसते स्टायपेंडचे गेले. आणि ज्यांना फेलोशिपच नाही, जे घरून पैसे मागवून किंवा सीएचबी करून पीएचडी करतात, त्यांचे अकरा महिने कशात मोजायचे?

खरी भीती वेगळी आहे, ती कुणी मीटिंगमध्ये बोलत नाही, म्हणून मी बोलते. भीती ही की मुलांना निवडायला दिलं तर काही लॅबमध्ये कुणीच जाणार नाही. होऊ शकतं. पण मग त्या लॅबमध्ये काय चाललंय हे विभागाला कळायला नको का? आज ते फक्त हॉस्टेलमध्ये कळतं. नवीन मुलगी आली की सीनिअर रात्री जेवताना हळूच सांगते, त्या अमुक ठिकाणी नाव टाकू नकोस, संध्याकाळी सहानंतर तिथे एकटी थांबू नकोस. जिला सीनिअर भेटली ती वाचते, जी गावाकडून थेट येते तिला कोण सांगणार? चार आठवडे लॅबमध्ये राहिलं की माणसाला कळतं. आणि हे दोन्हीकडून आहे, गाईडलाही कळतं की हा मुलगा रोज वेळेवर येतो का, चुकलं तर लपवतो का सांगतो. माझ्या सरांना मी पहिल्या महिन्यात बघायला मिळाले असते तर कदाचित त्यांनीच मला म्हटलं असतं की तुला बेंचचं काम आवडतंय, तू आधी जरा दुसरीकडून शिकून ये.

२०२३ च्या हिवाळी अधिवेशनात सभागृहात आमच्याबद्दल विचारलं गेलं की पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत. आम्ही सगळे तेव्हा खूप चिडलो होतो, ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही चाललं नव्हतं, आणि मला आजही ते शब्द लागतात. पण त्या रात्री मला माझी ती पाण्याची लेन पण आठवली. ते बक्षीस मिळालेलं पोस्टर तसंच पेपर म्हणून छापून आलं असतं, कुणीतरी ते वाचून म्हटलं असतं की या भागातली जुनी वाणं आता शुद्ध राहिली नाहीत, जपण्यात अर्थ नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, ज्या म्हातारीने मला मडक्यातलं गूळभेंडीचं बी काढून दिलं तिने ते तिच्या सासूकडून घेतलेलं. दुसऱ्यांदा नीट केलं तेव्हा तिच्या बियाण्याला जवळजवळ सगळ्या मार्करला एकेकच बँड आला. स्वच्छ. मालदांडीचा मागमूस नाही. मी तिला जाऊन सांगितलं की आजी तुमचं बी चोख आहे, तर ती म्हणाली, "ते मला ठावं हाय की गं."

तर सर, मॅडम, माझ्याकडे दोन पानांचा ड्राफ्ट तयार आहे. १२ क्रेडिटची वाटणी, तीन रोटेशनचं वेळापत्रक, प्रत्येक लॅबने चार आठवड्यांत काय शिकवायचं, गाईड आणि विद्यार्थी दोघांनी शेवटी भरायचा एक-एक पानाचा फॉर्म. पुढच्या सत्राचं कोर्सवर्क सुरू व्हायच्या आधी तुमच्या विभागाच्या मीटिंगला तो एकदा विषयपत्रिकेवर घ्या. जिथे बोलवाल तिथे येईन, एसटीने येईन, टीए-डीए नको.

ती विद्यार्थिनी अजून थांबलीये, फॉर्म भरायची मुदत २५ तारखेपर्यंत आहे. तिला मी सध्या एवढंच सांगितलंय की दर शनिवारी दुपारी कॉलेजवर ये. आमच्याकडे दोन पायपेट आहेत आणि केमिस्ट्रीवाल्यांचा वजनकाटा मागून घेतलाय. मागच्या शनिवारी तिला दहापैकी सहा वेळा ०.१ ग्रॅम बरोबर आलं.

आपली,
एक माजी संशोधक विद्यार्थिनी